धावण्यापूर्वी समजून घ्यायच्या गोष्टी

१६ जून, सोमवार

आज मला पी.टी. मिळालं. माझी नेमणूक सायन्सला आहे, पण आमचे पी.टी.चे रितेश सर उन्हाळ्यातच गच्चीबोलीच्या कुठल्याशा जिममध्ये निघून गेले. प्रिन्सिपल पद्मजा मॅडमनी स्टाफरूममध्ये सगळ्यांकडे एकदा पाहिलं. सगळे खाली मान घालून चहात उस्मानिया बिस्कीट बुडवत होते. मी एकटीच वर पाहत होते. मॅडम म्हणाल्या, "योगिनी, अम्मा, तुझ्या तर नावातच योगा आहे." म्हणजे त्यांनी आधीपासून विचार करून ठेवला होता.

जबाबदारी मोठी आहे. मॅनेजमेंटला सातवीचा पी.टी.चा पिरियड आयआयटी फाउंडेशनच्या गणिताला द्यायचाय. मॅडमचं मन होत नाही. त्या म्हणाल्या, दसऱ्याच्या सुट्टीआधी मुलांचा फिटनेस वाढलेला आकड्यांत दाखव, पिरियड राहील. नाहीतर ग्राउंडवर आणखी बस उभ्या राहतील. अर्ध्या ग्राउंडवर आत्ताच असतात.

या मुलांना दिवसभरात तेवढंच आकाश दिसतं. पिरियड वाचवायचा. सुरुवात स्वतःपासून. उद्या सकाळी युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर धावायला जाणार.

१७ जून, मंगळवार

गेले नाही. योग्य बूट नाहीत. चुकीच्या बुटांनी गुडघे जातात असं वाचलं. वाचता वाचता शाळेची वेळ झाली.

१९ जून, गुरुवार

पद्धत ठरली. श्रेय माझ्या वडिलांचं, अण्णांचं.

सहावीपर्यंत मी शाळेत गेले नाही. अण्णा तेव्हा रेल्वेत होते. ड्यूटीवरून आले की तारनाक्याच्या क्वार्टरमध्ये तेच मला शिकवायचे. त्यांचा नियम एकच: आधी पूर्ण समजून घे, मग हात लाव. सायकल मी तक्त्यावर शिकले, सगळ्या भागांच्या नावांसकट. पोहणं पाटावर. पालथं पडायचं, अण्णा म्हणायचे हात, मी हात मारायचे. अण्णा म्हणायचे पाय, मी पाय मारायचे. माझे स्ट्रोक आजही बिनचूक आहेत. पाण्यात उतरायचं तेवढं राहिलंय.

माझा धाकटा भाऊ मिलिंद या पद्धतीत बसला नाही. त्याने सायकल गल्लीत पडत-झडत शिकली. म्हणून त्याच्या कोपरावर अजून खूण आहे. माझ्या अंगावर एकही नाही.

तर असं. सातवी 'अ'ला शास्त्रशुद्ध पद्धत: पहिला टप्पा आकलन, दुसरा संथ हालचाल, तिसरा प्रत्यक्ष धावणे. सातवी 'ब' तुलनेसाठी, म्हणजे कंट्रोल ग्रुप. त्यांना काहीही शिकवायचं नाही. बॉल द्यायचा आणि सोडून द्यायचं. दोन्ही वर्गांची आत्ता एक टेस्ट, दसऱ्याआधी एक. 'अ' पुढे जाईल, पिरियड वाचेल.

मॅडमना प्लॅन दाखवला. पहिलं पान वाचून म्हणाल्या, ओके ओके. बाकीच्या पानांचं त्यांना एकदम पटलेलं दिसलं.

२३ जून, सोमवार

टेस्ट झाली. चुन्याच्या दोन रेघा, एका रेघेपासून दुसरीपर्यंत धावायचं, परत यायचं, दम संपेपर्यंत. दोन्ही वर्ग सारखेच वाईट. शास्त्राच्या दृष्टीने हे उत्तम. 'अ'मधला श्रीकर थोड्याच वेळात खाली बसला आणि म्हणाला की घरी लिफ्ट आहे.

बूट घेतले. आबिड्सच्या बाजारापर्यंत जाऊन. उद्यापासून.

२४ जून, मंगळवार

नवे बूट एकदम रस्त्यावर घालू नयेत. आधी घरात रुळू द्यावेत. घालून बसले. मिलिंद म्हणाला, "ताई, सोफ्यावर चांगला स्पीड आहे तुझा." तो आयटीत आहे, त्याला शरीरशास्त्रातलं काही कळत नाही.

१ जुलै, मंगळवार

'अ'चा पहिला पाठ. ग्राउंडवर फळा नेला. विषय: धावणे म्हणजे काय? व्याख्या सांगितली, वह्यांत उतरवून घेतली. मग पायाचे स्नायू. आकृती मोठी काढली. मुलं शांत होती. श्रीकरने हात वर केला. मला वाटलं स्नायूविषयी काही विचारतोय. म्हणाला, "मॅडम, दौड़ते कब?"

चांगला प्रश्न. त्याला सांगितलं, समजल्यावर.

२ जुलै, बुधवार

'ब'चा पिरियड. काही शिकवायचं नाही हे ठरलंय, पण माझ्या नुसत्या बघण्यानेही मुलं सुधारू शकतात. मग तुलना खोटी ठरेल. म्हणून त्यांच्याकडे पाठ करून बसले. मुलांवर मोठ्यांचं लक्ष हवं हा नियम आहे, त्यासाठी आयाबाई चतुराबाईंना बसवलं. त्या बसच्या सावलीत लगेच झोपतात, त्यामुळे त्यांचाही परिणाम होत नाही.

मागून खूप आरडाओरडा ऐकू येत होता. शिस्त नाही. बिचारे.

९ जुलै, बुधवार

'ब'विषयी रात्रंदिवस टोचणी लागलीय. एका वर्गाला सगळं देते आणि दुसऱ्याला काहीच नाही. हा अन्यायच. आज पिरियड संपल्यावर त्यांना गोळा केलं आणि सगळ्यांची माफी मागितली. म्हटलं, तुमच्यावर अन्याय होतोय, पण शास्त्रासाठी थोडा सोसा.

घामाने ओली झालेली मुलं एकमेकांकडे बघायला लागली. जुवेरिया नावाची एक उंच मुलगी आहे, सगळ्यांच्या वतीने तीच बोलते. म्हणाली, "नक्को मॅडम, होने दो. हमना कंट्रोल मेंच रखो."

किती समंजस मुलं. डोळे भरून आले. उद्या त्यांना ग्लुकोजची बिस्किटं. नको. बिस्किटांनी फिटनेस वाढला तर?

१० जुलै, गुरुवार

'अ' पहिल्याच टप्प्यात आहे. चारजणांच्या आकृतीला नावं दिलेली नव्हती. सगळ्यांचं पूर्ण झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, नाहीतर पाया कच्चा राहतो. श्रीकरने पुन्हा तेच विचारलं. त्याला वेगळं बोलावून सांगितलं, की एवढी उत्सुकता हेही पाया कच्चा असल्याचंच लक्षण आहे.

सकाळी धावायला जाणार होते. बूट डाव्या पायाला रुळलाय, उजव्याला नाही. एका पायाने कसं धावणार.

२२ जुलै, मंगळवार

काल बोनालूची, देवीच्या सणाची सुट्टी. गल्लीत ढोल वाजत होते. मिलिंद जाऊन नाचून आला, दमला, अंघोळ करून झोपला. मी खिडकीतून पाहिलं आणि नाचताना कुठले स्नायू चालतात ते लिहून काढलं. 'अ'ला आज ते दिलं.

वॉर्म-अप सुरू केला. मान डावीकडे, मान उजवीकडे. पण वॉर्म-अपची सूचना नीट समजावून सांगेपर्यंत बेल झाली. पुढच्या वेळी सूचना आधीच लिहून देणार.

३० जुलै, बुधवार

'ब'चा बॉल माझ्या पाठीत बसला. मी वळले नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "सॉरी मॅडम, आप कंट्रोल में हैं ना?" मी मान हलवली, न वळता.

मनात एक शंका आली. ही मुलं पिरियडभर न थांबता पळत असतात असं आवाजावरून वाटतं. पण नुसतं पळणं म्हणजे फिटनेस नाही. कुठला पाय आधी टाकावा हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नाही. अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "अगं, त्याला हुंदडणं म्हणतात."

शंका मिटली.

७ ऑगस्ट, गुरुवार

'अ'च्या सहा पालकांचे अर्ज आलेत, मुलांचा वर्ग बदलून त्यांना 'ब'त घाला म्हणून. मॅडमनी कारण विचारलं. मी सांगितलं, फाउंडेशनच्या वेळा जमत नसतील. मॅडम म्हणाल्या, फाउंडेशन दोन्ही वर्गांना एकाच वेळी असतं. मग कारण दुसरं काही असेल. पालकांचं काही सांगता येत नाही.

अर्ज नामंजूर करायला सांगितले. प्रयोगाच्या मध्यावर मुलं इकडची तिकडे झाली तर सगळंच वाया.

१९ ऑगस्ट, मंगळवार

मोठा दिवस. पहिला टप्पा पूर्ण! युनिट टेस्टमध्ये पी.टी.चा एक पेपर मीच काढला होता. 'अ'ने कमाल केली. "धावताना शरीराचा तोल" यावर श्रीकरने पुरवणी लावली. अक्षर सुंदर. 'ब'ला तोच पेपर दिला. जुवेरियाने लिहिलं: दौड़ना मतलब पकड़ने वाले से दूर जाना. व्याख्या म्हणून अपुरी.

मॅडमना 'अ'चे पेपर दाखवले. त्यांनी श्रीकरची पुरवणी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, व्हेरी ब्राइट चिल्ड्रन. फार उत्साह आला.

उद्या सकाळी नक्की. दोन्ही बूट रुळलेत.

२० ऑगस्ट, बुधवार

मिलिंद ते बूट घालून ऑफिसला गेला.

२ सप्टेंबर, मंगळवार

दुसरा टप्पा: संथ हालचाल. 'अ'ने आज जागच्या जागी धावण्याचं अनुकरण केलं, एक पाऊल, मग थांबून तपासणी. टाच, गुडघा, कोपर, नजर. जोड्या लावल्यात, एकाने पाऊल टाकायचं, दुसऱ्याने चूक काढायची. चुका फार छान काढायला लागलीत. श्रीकरने तर माझीच काढली. मी उभी राहते तेव्हा माझं वजन डावीकडे जातं म्हणे. बरोबर आहे.

त्याने नेहमीचा प्रश्न आज विचारला नाही. म्हणजे त्याला पद्धत पटली.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज तिसरा टप्पा सुरू व्हायचा होता, प्रत्यक्ष धावणे. पण काल रात्रीच्या पावसाने चिखल झालाय आणि चिखलात एक बस रुतलीय. बस काढायला ड्रायव्हर, क्लीनर आणि 'ब'ची मुलं लागली. त्यांचा पिरियडही नव्हता, सायन्सच्या तासातून आली. ढकलताना केवढी ओरडत होती. 'अ'ची मुलं बाजूला उभी राहून बस ढकलण्याची योग्य पद्धत सांगत होती. मला भरून आलं.

तिसरा टप्पा राहिला. हरकत नाही. ज्याला सगळं समजलंय त्याला करायला कितीसा वेळ लागतो. मंगळवारी टेस्ट.

अण्णा म्हणाले, "निकाल ऐकायला मी स्वतः येतो शाळेत." त्यांना कसंबसं थांबवलं. अहंकार दिसायला नको.

१६ सप्टेंबर, मंगळवार

टेस्ट झाली.

आधी 'ब'. आता बघायला हरकत नव्हती, म्हणून जूननंतर पहिल्यांदाच त्यांना धावताना नीट पाहिलं. काही ओळखू आली नाहीत. काटक झालीत. शिट्टी वाजली आणि जी सुटली ती थांबेनातच. पिरियड संपायला आला, शेवटी मीच शिट्टी वाजवून थांबवलं. जुवेरिया म्हणाली, "इत्ताच?"

मग 'अ'. काय लिहू. सुरुवात फार सुंदर झाली, सगळ्यांचे कोपर बरोबर कोनात. पण कोणीतरी चुकीचं पाऊल टाकलं आणि त्याच्या जोडीदाराने ते थांबून सांगितलं. मग त्या जोडीदाराची चूक आणखी कोणी थांबून सांगितली. दोघी मध्येच नाडी मोजायला थांबल्या. श्रीकर चांगला पुढे होता. अर्ध्यावर त्याच्या लक्षात आलं की सुरुवात उजव्या पायाने करायची ती डाव्याने झालीय. तो प्रामाणिकपणे परत फिरला, रेघेवर जाऊन उभा राहिला आणि नव्याने निघाला. मग पुन्हा काहीतरी चुकलं असावं, कारण तो पुन्हा परत गेला.

त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

आकडे: 'ब' जूनच्या दुपटीला पोचलाय. 'अ' जूनमध्ये होता तिथेच. दोघेतिघे थोडे मागे.

१७ सप्टेंबर, बुधवार

दिवसभर विचार केला. ऊन. चिखल. चुना पुसट होता. यातलं प्रत्येक कारण 'ब'लाही लागू होतं.

मिलिंद म्हणाला, "ताई, एवढं काय टेन्शन, रिपोर्टमध्ये 'अ'च्या जागी 'ब' टाक आणि 'ब'च्या जागी 'अ'. कोणाला कळतंय? तुझा पिरियड वाचला." मी त्याच्याशी जेवण होईपर्यंत बोलले नाही. मग मात्र त्याला सांगितलं की मला हे सुचलंच नव्हतं, आणि आता सुचवल्यामुळे रात्रभर ते मनात येणार, त्याला जबाबदार तो.

आकडे आहेत तसेच लिहिले.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मॅडमनी पूर्ण रिपोर्ट वाचला. सगळी पानं. मग विचारलं, "योगिनी, अम्मा, 'ब'ला तू काय दिलंस?"

म्हटलं, काहीच नाही.

"आणि 'अ'ला?"

म्हटलं, सगळं.

मॅडमनी रिपोर्ट मिटला. मग त्यांनी निर्णय सांगितला. 'ब'चा पिरियड राहील, तिथे फिटनेस आकड्यांत दिसतोय. 'अ'चा दसऱ्यानंतर फाउंडेशनला. "ही मुलं लिहितात छान, अम्मा. त्यांना तिकडेच पाठवू. गणित तूच घे."

वर्गाला मीच सांगायचं होतं. सांगितलं. गणिताचं नाव ऐकून कोणी रडलं वगैरे नाही. सगळ्यांनी वह्या काढल्या, सवयीने. श्रीकरने हात वर केला. बरेच दिवसांनी. म्हणाला, "मतलब मॅडम, दौड़तेच नहीं?"

मी म्हटलं, बाक सरळ करा.

त्याच दिवशी, दुपारी

राहवलं नाही. वेळ न घेता मॅडमच्या खोलीत शिरले, आयुष्यात पहिल्यांदा. शिरताना शिपायाने अडवलं त्याला "एक मिनिट" म्हणाले, तेही पहिल्यांदाच. मॅडमना सांगितलं की प्रयोग अपुरा आहे. शास्त्राच्या नियमाने आता गटांची अदलाबदल व्हायला हवी. 'अ'ला कंट्रोल ग्रुप करायला हवं, निदान डिसेंबरपर्यंत. म्हटलं, मॅडम, ती मुलं एकदाही धावली नाहीत. मी धावू दिलं नाही.

हे शेवटचं वाक्य बोलायचं ठरलं नव्हतं.

मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, डिसेंबरपर्यंत देते, एका अटीवर. तू त्यांना काही शिकवायचं नाही. काही म्हणजे काही नाही. तोंडातून शब्द नको, शिट्टी नको, फळा नको. प्रॉमिस?

प्रॉमिस केलं. मॅडमनी हात पुढे केला तेव्हा शिट्टी त्यांच्या हातात ठेवली.

एकंदरीत मीटिंग चांगली झाली. मॅडमना आता शास्त्राची किंमत कळू लागलीय.

२९ सप्टेंबर, सोमवार

सुट्टी. गल्लीत बतुकम्मा चालू आहे, मध्ये फुलांची रास रचलीय. बायका गोल फिरतात आणि टाळ्या वाजवतात, थकतच नाहीत. आई मला म्हणाली, जा की चार फेऱ्या मारून ये. मी म्हटलं, पावलांचा क्रम नीट बघून घेते, मग जाते. बघून होईपर्यंत त्या घरी गेल्या.

बूट परत मिळाले. आता मिलिंदच्या पायाला रुळलेत. मला पुन्हा पहिल्यापासून.

७ ऑक्टोबर, मंगळवार

'अ'चा कंट्रोल ग्रुप म्हणून पहिला पिरियड. मी खुर्चीवर. तोंड बंद. मुलं रांगेत उभी राहिली. कोणी हललं नाही. समोर फळा नव्हता तरी सगळी फळ्याच्या जागेकडे बघत होती. काहींनी वह्या आणल्या होत्या.

बॉल मध्ये पडून होता. चतुराबाईसुद्धा जाग्या झाल्या, एवढी शांतता.

मग श्रीकरने हात वर केला. "मॅडम, दौड़ते कब?"

मी प्रॉमिस केलं होतं. काही बोलले नाही.

त्याने पुन्हा विचारलं. मी काही बोलले नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं, मग एकदम गेटच्या दिशेने सुटला. वही हातातच. त्याच्यामागे सगळी सुटली. ना वॉर्म-अप, ना कोपर, ना नजर. बसच्या मधून, चिखलातून, ओरडत. श्रीकर तर हात पंख्यासारखे फिरवत होता. असं धावलं तर खांदा जातो. त्याला सांगायला हवं होतं, पण बोलायचं नव्हतं. आणि जवळ गेल्याशिवाय खुणेने थांबवणार कसं.

म्हणून मी उठले आणि त्याच्यामागे गेले. तो आणखी जोरात पळाला. मग मीही.

तो सापडला नाही. कोणीच सापडलं नाही. मुलांना वाटलं की मी पकडायला लागलेय, खेळ सुरू झालाय. सगळा वर्ग माझ्यापासून लांब पळत होता आणि किंचाळत होता. दोन फेऱ्या झाल्या असतील. तिसऱ्या बसपाशी डाव्या चपलेचा अंगठा तुटला आणि मी पालथी पडले. हात पुढे, पाय मागे. थेट पाटावरची पोझिशन.

श्रीकर परत आला. वाकून, दम खात म्हणाला, "मॅडम, आप आउट." मग म्हणाला, "लगा तो नहीं?" चतुराबाईंनी गुडघ्याला आयोडीन लावलं. वरच्या खिडकीतून पद्मजा मॅडम ओरडून म्हणाल्या, "गुड, योगिनी! व्हेरी गुड डेमॉन्स्ट्रेशन!" मी शिकवत नव्हते हे सांगायचं होतं. प्रॉमिस मोडलं असं व्हायला नको. पण बोलायचं नव्हतं, आणि श्वासही नव्हता.

घरी अण्णांनी गुडघा पाहिला. कशाने झालं विचारलं. धावले म्हणून सांगितलं. अण्णा खुर्चीत सरळ बसले. मग त्यांनी विचारलं, "पहिलं पाऊल कुठलं टाकलंस?"

खूप आठवून पाहिलं. आठवेना.

मिलिंद जेवताना नुसता स्वतःच्या कोपरावरची खूण चोळत बसला आणि माझ्या गुडघ्याकडे बघून हसत होता.

उद्या 'ब'चा पिरियड. नेहमीसारखं पाठ करून बसायचं आहे. गुडघा वाकत नाही. उभी राहीन, आणि उभीच राहणार आहे तर तोंड त्यांच्याकडे केलं तरी चालेल. बूट घालून जाणार. रुळलेले नाहीत.